पार्बताबाईचा डावा हात

माझी सासू मला पहिल्यांदा भेटली, तेव्हा तिच्याबरोबर एक मोडलेला हात होता. हात तिच्या थोरल्या मुलाचा होता आणि तो मोडला होता तिनेच. मी तेव्हा धंतोलीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर करायचो. डॉक्टर हाड बसवून पुढच्या पेशंटकडे जायचे आणि पट्ट्या भिजवून गुंडाळायचं काम माझ्याकडे असायचं. रिवाजाप्रमाणे मी विचारलं, "कसं मोडलं?" मुलगा छताकडे बघायला लागला. बाईच म्हणाली, "म्या मोडलं. लिहून घ्या."

मी ते लिहून घेतलं नाही. पडल्यामुळे, असं लिहिलं. सगळ्यांचंच तसं लिहायचो.

प्लास्टर होईपर्यंत ती माझ्या बोटांकडे बघत उभी होती. काटक, काळीसावळी, कासोटा घातलेली, अंगाला मासळीचा वास. पट्टी गुंडाळून मी वरून हात फिरवला, तशी ती म्हणाली, "हात बरा हाय तुमचा. लगन झालं काय गा?" मी नाही म्हटलं. आठ दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी मुलगी बरोबर होती आणि मुलीची करंगळी वाकडी होती. मला वाटलं पेशंट आहे. करंगळी जुनी होती, ती आता सरळ होणार नव्हती. बाई म्हणाली, "करंगळीचं राहू द्या. पोरगी पाहा."

अशी शकुन माझी बायको झाली आणि पार्बताबाई माझी सासू. फुटाळा तलावाच्या मागच्या वस्तीत त्यांच्या दोन खोल्या. जात ढिवराची, म्हणजे पाण्यावर पोट. घरात दोन मुलगे. थोरला मधुकर, ज्याचा हात मोडला होता. धाकटा दिलीप, कामठी रोडवरच्या एका कारखान्यात साइडकारची फायबरची कवचं बनवायचा. पार्बताबाई स्वतः मंगळवारी नावाच्या बाजारात मासळी विकायची आणि माणसांना मारायची. हे दोन्ही उद्योग ती सारख्याच निष्ठेने करायची.

ती डावखुरी होती. समोरच्याचं लक्ष माणसाच्या उजव्या हातावर असतं, त्यामुळे तिची थप्पड कुणालाच चुकवता येत नसे. हातात असेल ते हत्यार. लाटणं, टोपलं, वल्हं. एकदा बाजारात एका गिऱ्हाइकाला तिने अख्ख्या रोहूने मारलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दोन किलोचा मासा शेपटीला धरून कानशिलात. माणूस खाली बसला, चष्मा नालीत गेला, आणि बाईने तोच रोहू पाण्यात बुचकळून पुन्हा पाटीवर ठेवला. गिऱ्हाईक गेल्यावर मी विचारलं, काय म्हणाला तो? ती म्हणाली, "म्हणे, तूच का त्या दारुड्याची बायको."

सगळ्या मारामारीचं मूळ तिथे होतं. तिचा नवरा सीताराम एका धरणावर सरकारी मोटरबोट चालवायचा. फायबरची, पांढऱ्या रंगाची बोट. तशी बोट त्या मुलखात कुणी पाहिली नव्हती. एका संध्याकाळी दोन साहेबांना घेऊन तो धरणाच्या मध्यावर गेला आणि बोटीत पाणी भरलं. बोटीत बुडू न देणारे हवेचे दोनच पट्टे होते. ते त्याने साहेबांच्या गळ्यात घातले. साहेब वाचले. सीताराम तिसऱ्या दिवशी वर आला. साहेबांनी कागदावर लिहिलं की चालक नशेत होता, त्याने बोट खडकावर घातली.

"माहा माणूस पेत नोता." हे वाक्य पार्बताबाई दिवसातून एकदा तरी म्हणायची, आणि कुणी मान हलवायला उशीर केला तर त्याचं काही खरं नसे. बाप गेला त्याच वर्षी मधुकर म्हणून गेला की, असतील प्याले एखाद्या दिवशी. एकोणीस वर्षांचा होता. तिची डावी थप्पड त्याच्या उजव्या कानावर बसली आणि तो कान कायमचा गेला. पुढे त्याने बापाच्याच सरकारी खात्यात नोकरीसाठी अर्ज केला, तेव्हा तिने त्याचा हात मोडला. त्यायच्या दारात हात जोडतं काय, म्हणाली, तर हातच ठेवत नाई. तोच हात घेऊन ती माझ्याकडे आली होती.

मला मात्र त्या घरात कधी बोट लागलं नाही. मी जावई. मला पाट, मला माशाचं डोकं, मला "जावईबापू, घ्या ना." माझ्यासमोर ती दिलीपला चिमट्याने हाणायची आणि त्याच हाताने मला वाढायची. मी ते किस्से दवाखान्यात रंगवून सांगायचो. कंपाउंडर पोट धरून हसायचे. एकदा घरीही सांगायला लागलो, तर शकुन भाजी निवडता निवडता थांबली. म्हणाली, "तुमाले हसू येते. तुमाले पडली नाई ना कधी." आणि वाकड्या करंगळीने काडी बाजूला केली. त्यानंतर निदान घरात तरी मी ते किस्से सांगितले नाहीत.

बोटीची बातमी आणली मीच. माझ्याकडे पाय प्लास्टरमध्ये घातलेला एक चौकीदार होता, खात्याच्या भंगार वाड्यावरचा. तो म्हणाला, जुनी मोटरबोट लिलावात काढून राहिले, आठ वर्षं पालथी पडली आहे. मी रविवारी जेवताना हे सांगितलं. पार्बताबाईने घास खाली ठेवला. म्हणाली, "ते बोट मले पाह्यजे."

"काय करतं वं माय तिचं?" मधुकरने विचारलं.

"नीट करतो," ती म्हणाली. "पाण्यावर घालतो. खडकावर घातली म्हणते ना ते? मंग खडकाचा मार दिसंल पेंद्याले. नाई दिसला तर ते खोटे हायेत."

लिलावात भंगाराच्या ढिगाबरोबर बोट पदरात पडली. ट्रकवर चढवताना वाड्यावरचा एक माणूस बोलून गेला, हीच ना ती बेवड्याची? पार्बताबाईच्या हातात दोर होता. तिने दोर सोडला नाही. डाव्या मुठीने त्याच्या तोंडावर दिली आणि पुन्हा दोराला दोन्ही हात लावले. तो ट्रकच्या चाकाशी दात शोधत राहिला. मी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि पडल्यामुळे, असं लिहिलं.

अंगणात बोट पालथी ठेवली, तर अंगणच उरलं नाही. खात्याने विकायच्या आधी बाहेरून पेंद्याला डांबराचा जाड थर फासून टाकला होता, त्यामुळे खाली काय आहे ते कळत नव्हतं. दिलीप म्हणाला, आधी वरच्या कडा करू, मग उताणी करून आतली लाकडी तळफळी काढू, मग पेंदा. काम समजावून सांगताना मला गंमत वाटली. काचेच्या धाग्यांची चटई फाटलेल्या जागी ठेवायची, वर चिकट औषध लावायचं आणि हवेचा बुडबुडा राहू न देता दाबत जायचं. म्हणजे प्लास्टरच. दर रविवारी मी जायचो. मधुकर घासायचा, शकुन कात्रीने चटई कापायची, दिलीप औषध कालवायचा, मी बसवायचो. काचेची कुसळं अंगात शिरायची आणि अख्खं कुटुंब रात्रभर खाजवायचं.

पार्बताबाई मुकादम. बुडबुडा दिसला की ज्याचा बुडबुडा त्याच्या पाठीत पत्र्याची पट्टी. दिलीपच्या पाठीवर वळ, मधुकरच्या मानेवर वळ. दिलीपचं औषध वैशाखाच्या उन्हात डब्यातच घट्ट झालं, तर तिने तो तापलेला डबा त्याच्यावर भिरकावला. दंडावर रुपयाएवढं भाजलं. "जावईबापूचा हात पाहा," ती म्हणायची. "शिका काही." माझाही बुडबुडा राहायचा. तेव्हा ती दुसरीकडे बघायची. मला ते आवडायचं, हे मी आज लपवत नाही.

कडा झाल्या. बोट उताणी केली. आणि बाई म्हणाली, आता भिजवायची.

ढिवरांची ही जुनी रीत. कोरडी पडलेली नाव पाण्यावर घालायच्या आधी तिच्यात दगड भरायचे आणि काठाशी तीन दिवस बुडवून ठेवायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, फळ्या एकमेकींना दाबतात आणि भेगा आपोआप मिटतात. पार्बताबाईचा बाप नावा बांधणारा होता. भेगेत ठोकायचा अंबाडीचा वाख ती परकर नेसायच्या वयापासून डाव्या हाताने मांडीवर वळत आली होती.

दिलीप म्हणाला, "माय, हे फायबर हाय. हे पाणी पेत नाई. ओलं झालं तर माहं औषध चिकटणार नाई."

"पाण्याले काय समजते बे, लाकूड हाय का फायबर?"

"पाण्याले नाई समजत, पण मले समजते ना!"

वल्हं तिच्या हाताशीच होतं. पहिला फटका दिलीपच्या गुडघ्यावर बसला, दुसरा पाठीत. तिसरा त्याने झेलला. वल्हं तिच्या हातातून हिसकून घेतलं आणि आईवर उगारलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. ती हलली नाही. म्हणाली, "मार." आणि त्याने खरंच मारलं. मी तीन हात अंतरावर उभा होतो आणि तिथेच राहिलो. मध्ये शिरला तो मधुकर, एका कानाने बहिरा, एका हाताने वाकडा. वल्हं त्याच्या खांद्यावर बसलं आणि गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना आला. तो आवाज मला ओळखीचा होता.

दिलीप वल्हं टाकून रडायला लागला. मी मधुकरला दवाखान्यात नेऊन खांदे मागे खेचून बांधले. परत आलो तेव्हा बोट अंगणात नव्हती. पार्बताबाईने वस्तीतली चार माणसं बोलावून ती तलावात नेली होती आणि दगड भरून बुडवली होती. आता तिच्याशी कुणी वाद घातला नाही.

पुढच्या रविवारी मी गेलो. चौथ्या दिवशी बाहेर काढलेली बोट अंगणात उन्हात होती. दिलीप खरा ठरला होता. नवीन कडा सुटून लोंबत होत्या, सहा रविवारांचं काम गेलं होतं. आतली तळफळी पाणी पिऊन फुगली होती आणि खिळ्यांसकट वर आली होती. मी ती उचलून बाजूला केली. खाली पेंद्याला हातभर लांबीची भेग होती. सरळ, बारीक, हाड थकल्यावर पडते तशी, आपल्या आपण पडलेली. खडकाचा मार नव्हता. हाडांच्या भेगा बघण्यात माझं आयुष्य गेलं आहे, ठोकर कोणती आणि झीज कोणती ते मला कळतं. मी ओरडणारच होतो की, सापडलं!

तेवढ्यात भेगेच्या दोन टोकांना काहीतरी काळं बाहेर आलेलं दिसलं. डांबरात बुडवलेला अंबाडीचा वाख. मधला वीतभर वाख नव्हता. तिथे खात्याने बाहेरून फासलेलं डांबर तेवढं दिसत होतं. लाकडी नावेत वाख फुगतो आणि फळीही फुगते, दोघं एकमेकांना धरून ठेवतात. इथे वाख एकटाच फुगला होता आणि धरायला कुणी नव्हतं, म्हणून तो स्वतःच बाहेर सरकत आला होता. आठ वर्षांपूर्वीही असाच सरकला असणार. मी एक टोक ओढून काढलं. पीळ उलटा होता. सगळे लोक उजव्या मांडीवर उजव्या हाताने वळतात, त्याचा पीळ एका बाजूला जातो. हा दुसऱ्या बाजूला जात होता. असा वळणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं होतं आणि ते माझ्या पाठीशी उभं होतं.

मी वाख मुठीत दाबला आणि खिशात घातला.

डोळ्यांसमोर पांढरं झालं. कानात शिट्टी वाजली. मी गुडघ्यावर होतो आणि जीभ दाताखाली आली होती. अंगणात शकुन ओरडली, "माय! जावई हाय तो!"

"काय लपवून राह्यला बे? काढ! मले दाखव!"

मी काढून दिला. पार्बताबाई जमिनीवर बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं आणि तो काळा तुकडा डाव्या मांडीवर ठेवून डाव्या तळव्याने एकदा पुढे वळला. तो सुटला नाही, आणखी घट्ट झाला. तिने पुन्हा वळला. पुन्हा घट्ट झाला. 

"मले इचारलं होतं त्यानं," ती म्हणाली. आवाज इतका साधा होता की मला दुसरंच कुणी बोलल्यासारखं वाटलं. "म्हणे, भेग पडली, खातं सामान देत नाई. म्या म्हटलं, वाख ठोक. तो म्हणे, फायबर हाय वं. म्या म्हटलं, पाण्याले काय समजते. मीनंच वळून देल्ला."

शकुन तिच्या शेजारी येऊन बसली.

"माहा माणूस प्याला नोता," पार्बताबाई म्हणाली. "त्यानं माहं आयकलं."

ती उठली, धुण्याच्या दगडापाशी गेली. तिथे मधुकरचा हातोडा पडला होता. तिने डावा हात दगडावर पसरून ठेवला, धुणं निथळायला ठेवावं तसा, आणि उजव्या हाताने हातोडा घातला. दुसरा घाव बसला तेव्हा दिलीप तिच्यापर्यंत पोचला. तिसऱ्यासाठी तिने त्याला ढकललं. दिलीप, शकुन आणि मी मिळून तिला धरलं. ती ओरडत नव्हती, आम्हीच ओरडत होतो.

डॉक्टरांनी जमलं तेवढं बसवलं. प्लास्टर मी केलं. पट्ट्या भिजवताना माझ्या गालावर चार बोटं उमटलेली होती. ती माझ्या गालाकडे बघत होती. "दुखते काय?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. "खोटं नोको बोलू," ती म्हणाली. कागदावर कारण लिहायची वेळ आली. मी पडल्यामुळे, असं लिहायला घेतलं, तर तिने उजव्या हाताने माझी लेखणी धरली. "म्या मोडला. आता तरी लिही." या वेळी मी लिहिलं.

एका थपडेने मी त्या घरचा झालो, असं लोकांना वाटतं. मीही कधी कधी तसं सांगतो. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला एवढंच कळलं की मधुकरचा कान किती दुखला असेल, आणि मी इतकी वर्षं कशावर हसत होतो. शकुनची करंगळी हातात घेऊन मी त्या संध्याकाळी बसलो होतो. तिने हात काढून घेतला नाही.

पावसाळ्यात पार्बताबाईने शकुनकडून अर्ज लिहून घेतला. चालक प्याला नव्हता. बोटीला भेग होती. भेगेतला वाख मी वळून दिला होता, त्यामुळे बोट बुडाली. माझ्या माणसाच्या नावावरचं खोडा. शेवटी अंगठा. सोबत पुडीत तो वाख. शकुन म्हणाली, माय, तुह्या स्वतःचं कायले लिहितं? ती म्हणाली, त्याच्याशिवाय ते खरं नाई होत. खात्याकडून उत्तर आलं नाही. अर्जाच्या नकलेवर पोच म्हणून शिक्का तेवढा मिळाला. तो कागद ती बाजारात पाटीखाली ठेवायची आणि पूर्वी जिथे मारायची तिथे आता तो काढून दाखवायची. वाचता न येणाऱ्यालाही दाखवायची.

बोट सुकायला चार महिने लागले. नंतरचं सगळं काम दिलीपच्या म्हणण्याप्रमाणे झालं. इंजिन मधुकरने खोलून जोडलं. बाई बाजूला बसून असायची, हात मांडीवर घेऊन. प्लास्टर निघालं तरी बोटं मिटत नव्हती. बुडबुडे राहायचे. ती सांगायची, "तेथी पाह्य गा, फुगला," आणि दिलीप सवयीने मान खाली घालायचा, आणि काहीच यायचं नाही. त्याला त्याची सवय शेवटपर्यंत झाली नाही.

माझी बदली दवाखान्याच्या अकोल्यातल्या शाखेत ठरली, त्याच्या आदल्या रविवारी आम्ही बोट फुटाळ्यात घातली. पुढच्या उन्हाळ्यात सासू वारली, तेव्हा मी वेळेवर पोचलो नाही, त्यामुळे मला दिसलेली शेवटची पार्बताबाई ही अशी. दिलीप इंजिनाशी, मधुकर आणि ती मध्ये, मी आणि शकुन काठावर. तळफळी तिने बसवूच दिली नव्हती. पेंदा उघडा पाह्यजे, म्हणाली होती. बोट काठापासून सुटली, वळली, पन्नास हातांवर गेली. वस्तीतली पोरं टाळ्या वाजवत होती. पार्बताबाईने एकदाही वर पाहिलं नाही. ती वाकून पेंद्यावर हात फिरवत होती, जिथे भेग होती तिथे. उजवा नाही, तोच डावा, न मिटणाऱ्या बोटांचा. पुढे मागे, पुढे मागे, वाख वळावा तसा. मग तिने तो हात वर उचलून उन्हात धरला आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतं वं माय?" मधुकरने विचारलं. ती त्याच्या उजव्या बाजूला बसली होती.

ती उठली, डुलणाऱ्या बोटीत दुसऱ्या बाजूला गेली आणि त्याच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन एवढ्या मोठ्याने ओरडली की काठावर आम्हालाही ऐकू आलं.

"कोरडं हाय!"